मले सारं दिसते

गेल्या वर्षी दिवाळीनंतर यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. चष्म्याचा नंबर बदलला असेल, एवढीच शंका होती. त्यांनी डोळ्याचा दाब मोजला, थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "एक फील्ड टेस्ट करून घेऊ." अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या एका यंत्रासमोर मला बसवले. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही बारीकसा दिवा लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मुलांच्या परीक्षा घेतल्या, स्वतःची परीक्षा मात्र फार वर्षांनी होत होती. एकही दिवा सुटू द्यायचा नाही, अशा जिद्दीने बसलो आणि बाहेर आलो तो शंभरपैकी शंभर मिळणार, या खात्रीने.

कागद छापून आला. उजव्या डोळ्याच्या चित्रात नाकाच्या बाजूला, वरच्या अंगाला, शाई सांडावी तसा काळा डाग होता.

"इथे दिवे लागले होते. तुम्ही बटण दाबले नाही," डॉक्टर म्हणाले.

"तिकडे दिवे लागलेच नाहीत," मी म्हणालो.

ते हसले. "सगळे असेच म्हणतात. घरात कुणाला काचबिंदू होता का?"

होता. वडिलांना. आणि 'दिवे लागलेच नाहीत' हे माझे वाक्य वडिलांच्याच घरातले होते, फक्त ते वऱ्हाडीत बोलत. "मले सारं दिसते," असे ते म्हणत. पार शेवटपर्यंत म्हणत.

आमचे महागाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे. पुसद आणि उमरखेड ही दोन थोरली गावे शेजारी, खाली पैनगंगा, तिच्यापलीकडे माहूरच्या रेणुकेचा डोंगर. कापूस आणि तूर पिकवणारा हा मुलूख. वडिलांची थोडी शेती होती, गळ्यात माळ होती आणि रोज संध्याकाळी ओसरीवर ज्ञानेश्वरीचे वाचन होते. १९८७च्या सुमारास ते जरा धडपडू लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. अंगणातली पाण्याची घागर पायाने लवंडायची. एकदा दावणीला बांधलेल्या वासरावरच पाय पडला. आई म्हणे, "पाहून चाला ना जरा." ते म्हणत, "मले सारं दिसते. तुमीच चीजा मधात ठेवता."

आणि खोटे तरी कसे म्हणावे? पोथीतली बारीक अक्षरे ते चष्म्याशिवाय वाचत. तांदळातला खडा टिपत. ज्याला अक्षर दिसते त्याला वासरू कसे दिसत नाही? मी मनाशी निकाल लावून टाकला: वय झाले, लक्ष नसते, शिवाय थोडा मोतीबिंदू असेल. पिकला की काढू.

त्याच सुमारास आमच्याकडे दोन खोल्यांत एक भाडेकरू राहायला आली होती. सरकारी दवाखान्यातली केरळची सिस्टर. त्या काळी विदर्भातल्या आडगावच्या दवाखान्यांतून केरळच्या नर्सेस दिसत; घरापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर येऊन त्या लोकांची बाळंतपणे करीत, घरी मनिऑर्डर पाठवीत. आमच्या सिस्टरचे मराठी लिंगभेद मानीत नसे. एक दिवस नळावर पाणी भरताना ती मला म्हणाली, "मास्तर, बाबाची डोळा दाखवा. माझा पप्पाला असाच होता. समोरचा दिसतो, बाजूचा नाही दिसत."

मी 'हो, हो' म्हणालो. तिने पुन्हा सांगितले, पुन्हा हो म्हणालो. खरे सांगायचे तर मनात आले, ही सुया टोचणारी बाई, हिला काय कळते? मी बी.एस्सी. आणि गंमत पाहा, त्याच महिन्यात मी वर्गात 'डोळा' शिकवत होतो. कागदावर एक फुली आणि एक टिंब काढायचे, डावा डोळा झाकायचा, फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणायचा. एका ठरावीक अंतरावर टिंब नाहीसे होते. तो अंधबिंदू. मारिऑत नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने तो १६६०च्या दशकात दाखवून दिला. प्रत्येक धडधाकट माणसाच्या प्रत्येक डोळ्यात ही आंधळी जागा जन्मापासून असते. मग जगात भोक का दिसत नाही? कारण मेंदू आजूबाजूचा रंग पसरून ते बुजवून टाकतो. मुले टाळ्या पिटत. मी हात झटकून, खडूची भुकटी उडवून घरी येई, आणि घरी वडील घागरीला ठेचकाळलेले असत.

दीड वर्ष असेच गेले. १९८९च्या पावसाळ्यात ते धुऱ्यावरून खाली पडले आणि हात मोडला, तेव्हा कुठे नागपूरला नेले. हाताबरोबर डोळेही दाखवले. डॉक्टरांनी सांगितले, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग धुरकट होते, ते काढता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच मरत जाते. आधी कडा जातात, मध्य शेवटी जातो. गेलेले परत येत नाही. वेळेवर आले असते तर थेंबांनी पुढचे थोपवता आले असते. वडील म्हणाले, "मले तर सारं दिसते." डॉक्टर म्हणाले, "बाबा, जे दिसत नाही ते दिसत नाही, हेही दिसत नाही ना."

हे वाक्य मी गेली पस्तीस वर्षे सांभाळून ठेवले आहे. पुढे निवृत्त झाल्यावर जुनी दर्शने वाचायला घेतली, ती त्यामुळेच.

ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका हे सत्तरेक श्लोकांचे लहानसे पुस्तक. त्यातली सातवी कारिका वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. वस्तू असूनही ती का दिसत नाही, याची आठ कारणे तिथे ओळीने दिली आहेत. वस्तू फार लांब असते. किंवा फार जवळ असते. इंद्रियच बिघडलेले असते. मन ठिकाणावर नसते. वस्तू फार सूक्ष्म असते. मध्ये आडोसा असतो. दुसऱ्या कशाच्या तेजाने ती झाकली जाते. किंवा सारख्याच वस्तूंत मिसळून जाते. टीकाकारांनी उदाहरणेही घरगुती दिली आहेत: उंच उडालेला पक्षी, डोळ्यातले काजळ, भिंतीमागची वस्तू, दिवसा न दिसणारे ग्रह. आठव्या कारणाला आमच्याकडचे उदाहरण द्यायचे तर तुरीच्या राशीत टाकलेला तुरीचा दाणा. आणि सांख्यांचा मुद्दा असा की, दिसत नाही एवढ्यावरून नाही म्हणू नका. यांतले कोणते कारण लागू पडते ते आधी पाहा.

आज विज्ञानाने या यादीत आकडे भरले आहेत, एवढेच. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यावरचे कुत्र्याला ऐकू येते, वटवाघळाला त्याहून वरचे. डोळ्याला सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात; मधमाशी त्याअलीकडचा जंबुपार प्रकाश पाहते आणि आपल्याला साधे पिवळे दिसणारे फूल तिला नक्षीदार दिसते. आपल्या अंगणात एकाच वेळी कितीतरी जगे नांदत असतात. इथपर्यंत कुणाचीच हरकत नसते, अगदी नास्तिकाचीसुद्धा. भांडण पुढे आहे. इंद्रियांना मर्यादा आहेत, हे मान्य. पण त्या मर्यादेपलीकडचे कळते कसे? आणि कळले म्हणणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा?

चार्वाक म्हणाला, ठेवूच नये. प्रत्यक्ष तेवढे खरे. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या केली आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो जे म्हणतो ते मला फार मोलाचे वाटते: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. जातीचे, धर्माचे प्रमाणपत्र मागितलेले नाही. पाहिले आहे का, आणि खरे सांगतो का, बस्स.

आता आमची सिस्टर पाहा. तिने तिच्या वडिलांची दृष्टी जाताना डोळ्यांनी पाहिली होती. मला खोटे सांगून तिला एक पैशाचा लाभ नव्हता. वात्स्यायनाच्या व्याख्येत ती तंतोतंत बसत होती. बसत नव्हती ती माझ्या व्याख्येत.

आपण म्हणतो, मी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण सगळ्यात जवळच्या गोष्टीच ऐकीव असतात. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत जन्मलेल्या संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, की आपण कुणाच्या पोटी जन्मलो हे त्याला पक्के ठाऊक होते, तरी ते केवळ सांगितले म्हणून. स्वतः पाहून नव्हे. तरुणपणी सगळे काही गणितासारखे सिद्ध करून मागणारा हा माणूस या विचारापाशी थबकला. मला हे वाचताना हसू आले. आमच्या शाळेच्या दाखल्यांवर निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून असे. तीही मास्तरांच्याच शब्दाने.

वडिलांची नजर पुढच्या दोन वर्षांत पूर्ण गेली. नळीतून पाहावे तसे जग लहान लहान होत शेवटी मिटले. पोथी मी वाचू लागलो. पण शाळा, शिकवण्या यांत संध्याकाळ निसटे, आणि वडील ओसरीवर नुसते बसून राहत. रविवारी सिस्टरला सुट्टी असे. चर्च यवतमाळला, दर रविवारी जाणे जमत नसे. मग ती आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून मल्याळी बायबल मोठ्याने वाची. वडील ऐकत. एक अक्षर कळत नव्हते. "आवाज पोथीचा हाये," ते म्हणत, "अर्थ असो नसो." मग हळूहळू ती वाचून झाल्यावर आपल्या त्या धेडगुजरी मराठीत गोष्ट सांगू लागली.

एका रविवारी तिने थोमाची गोष्ट सांगितली. येशू मेलेल्यांतून उठून शिष्यांना भेटला, तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीचे म्हणाले, आम्ही प्रभूला पाहिले. हा म्हणाला, खिळ्यांच्या व्रणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि थोमाला म्हणाला, घे, घाल बोट.

"मंग लावलं का त्यानं बोट?" वडिलांनी विचारले.

सिस्टर गप्प झाली. पान उलटून पुन्हा वाचले. मग म्हणाली, "लिहिला नाही बाबा. फक्त म्हणाला, माझा प्रभु, माझा देव."

वडील हसले. "लावलं नसन. समोर येऊन उभा राह्यला, मंग कायले लावते?"

योहानाच्या शुभवर्तमानात खरोखरच तसे लिहिलेले नाही. थोमाने बोट घातल्याची चित्रे युरोपातल्या चित्रकारांनी कितीतरी काढली, आणि तीच आपल्या डोक्यात बसली आहेत. डोळे गेलेल्या माणसाने ती चित्रे पाहिली नव्हती, म्हणून त्याला मजकूर नीट ऐकू आला. आणखी एक गोष्ट मला पुढे कळली. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांची परंपरा अशी की, त्यांच्याकडे धर्म आणला तो याच थोमाने, इसवी सन ५२ साली. बारा शिष्यांतला जो पाहिल्याशिवाय मानायला तयार नव्हता, तोच ऐकलेले सांगण्यासाठी एवढ्या लांब आला, असे ती माणसे मानतात.

माझ्या काकांना हे फारसे रुचत नव्हते. "कानात काय भरून राह्यली ती बाई?" असे त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलेही. वडिलांना मात्र त्यात परके काही वाटत नसे, आणि याचे कारण निव्वळ त्यांचा भोळेपणा नव्हता. मराठी भाषेने हा संसार फार पूर्वी करून पाहिला आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्ताचे चरित्र दहा हजारांवर ओव्यांत रचले. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर इथे छापून निघाले. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हाच शब्द घेतला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचे बोट सोडून नव्हे. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. ते टिळकही राजनांदगावकडे जाताना, रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाच्या शब्दावरून नवा करार वाचायला लागले होते. त्या एका शब्दाची किंमत घरात कुणाला किती मोजावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ज्याने वाचले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

पण दोन्ही धर्म एकच सांगतात, असे म्हणून विषय गुंडाळणे मला पटत नाही. ते सभेत बोलायला सोपे असते. फरक आहे, आणि तो मुळातला आहे. केनोपनिषद म्हणते, ज्याला डोळा पाहू शकत नाही पण ज्याच्यामुळे डोळा पाहतो, ते ब्रह्म. म्हणजे न दिसण्याचे कारण सांख्यांच्या यादीतले दुसरे: फार जवळ आहे. डोळ्यातल्या काजळाहून जवळ, पाहणाराच तो. अज्ञानाचा आडोसा गेला की नवे काही मिळवायचे राहत नाही. ख्रिस्ती विचारात देव आणि माणूस यांच्यामधले अंतर असे पुसले जात नाही. तो निर्माता, हा निर्मिलेला. माणसाने कितीही डोळे ताणले तरी तो दिसायचा नाही. त्याने कृपा करून स्वतःला दाखवले तरच दिसेल, आणि ख्रिस्ताच्या रूपाने त्याने ते एकदा, एका काळी, एका गावी दाखवले, ही त्यांची श्रद्धा. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की, आज आपल्याला आरशात दिसावे तसे अंधुक दिसते. तेव्हाचे आरसे घासलेल्या धातूचे असत. त्यांत चेहरा ओळखू येई, एवढेच.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे पाहण्याचा हट्ट आणि नंतरची घाबरगुंडी. मोशे म्हणतो, तुझे तेज मला दाखव. उत्तर मिळते, माझे मुख पाहून कुणी जिवंत राहत नाही, तू माझी पाठ पाहा. अर्जुन म्हणतो, तुझे विश्वरूप दाखव. कृष्ण म्हणतो, या डोळ्यांनी ते दिसायचे नाही, घे दिव्य चक्षू. आणि ते पाहून अर्जुन काय मागतो? आधीचे ते साधे, ओळखीचे रूप परत दे म्हणतो. वडिलांना हा भाग फार आवडे. "आपला इठ्ठल बरा," ते म्हणत. डोळे गेल्यावरही ते पंढरपूरला जाऊन आले. मी विचारले, दिसत नाही तर कशाला जाता? "त्याले तर दिसते ना मी," म्हणाले.

वडिलांच्या देव्हाऱ्यात आणखी एक तसबीर होती, ती त्यांनी डोळे असतानाच लावलेली. गुलाबराव महाराजांची. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, लोणी टाकळीला, ६ जुलै १८८१ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. रंग म्हणजे काय हे आठवणीतही नाही, असे ते अंधत्व. शाळा नाही, डोळ्यांनी वाचलेला एकही ग्रंथ नाही. दुसऱ्यांनी वाचून दाखवायचे आणि यांनी ऐकायचे. यांनी सांगायचे आणि दुसऱ्यांनी लिहून घ्यायचे. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात ते वारले तेव्हा वय अवघे चौतीस होते, आणि मागे शंभरावर लहानमोठे ग्रंथ होते. वेदान्त, योग, संगीत, वैद्यक, आणि डार्विन-स्पेन्सर यांच्या मतांची परीक्षासुद्धा. त्यांची सगळीच मते आज पटतील असे नाही, मला पटत नाहीत. पण विचार करा, त्या गड्याने सगळे जग कानाने उभे केले. ते स्वतःला ज्ञानेश्वर माउलीची कन्या म्हणवत. आणि बुद्धीने अद्वैत सिद्ध करून थांबण्याऐवजी त्यांनी मधुराद्वैत सांगितले. एकत्व कळल्यावरही भक्तीची गोडी राहतेच, असा त्याचा ढोबळ अर्थ. ज्याला रूप कधी दिसलेच नाही त्याने सगुण कृष्णावर एवढे प्रेम करावे, हे मला अजून नीट उलगडलेले नाही.

लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. बुद्धी हाच डोळा. पण हाच शब्द महाभारतात वापरला आहे धृतराष्ट्रासाठी! त्याच्याकडेही सांगणारा होता, आणि तो संजयापेक्षा चांगला कुठून मिळणार? गीता आपण अर्जुनाला सांगितली म्हणतो, पण आपल्यापर्यंत ती आली आहे संजयाने एका आंधळ्या म्हाताऱ्याला ऐकवली तशी. युद्धाआधी व्यासांनी त्याला दृष्टी देऊ केली होती. मला कुळाचा संहार पाहायचा नाही म्हणून त्याने ती नाकारली, ऐकणे पुरे म्हणाला. अठरा अध्याय त्याने अक्षरन् अक्षर ऐकले. काहीही बदल झाला नाही. तेव्हा आप्त खरा असला, शब्द खरा असला, तरी कानात पडले म्हणजे पोचले असे नव्हे. मला तर तिसऱ्यांदा सांगितले होते, नळावर, पाणी भरताना.

मार्काच्या शुभवर्तमानात एक छोटी कथा आहे, ती सिस्टरने शेवटी शेवटी सांगितलेली आठवते. बेथसैदा गावी येशूने एका आंधळ्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि विचारले, काही दिसते का? तो म्हणाला, माणसे दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग पुन्हा हात ठेवले, तेव्हा स्पष्ट दिसले. चमत्काराला दोनदा हात का लागावा, असे मला तेव्हा वाटले होते. पुढे पवन सिन्हा या शास्त्रज्ञाच्या 'प्रकाश' प्रकल्पाविषयी वाचले. जन्मांध मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करून दृष्टी दिली जाते आणि त्यांना काय, कसे दिसते याचा अभ्यास होतो. २०११ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: हाताने चाचपून पक्की ओळखलेली वस्तू नुकतेच डोळे आलेल्या मुलांना नुसती पाहून ओळखता येत नाही. काही दिवस जावे लागतात. म्हणजे डोळा उघडला की दिसते असे नाही. दिसणे शिकावे लागते, आणि तोवर जवळ कुणीतरी बसून हे काय, ते काय, सांगावे लागते.

ही कथा ऐकून वडील बराच वेळ गप्प होते. मग सिस्टरला म्हणाले, "माह्या डोयावर ठेव वं हात." ती उठली. तिने हात ठेवले. कुणाला काही दिसले नाही. आईने आतून चहा आणला. दोघांनी तो घेतला. मी खांबाला टेकून उभा होतो, आणि आजवर न बोललेली गोष्ट त्या दिवशी बोललो. "बाबा, सिस्टरनं मला दोन वर्षं आधी सांगितलं होतं. मीच नेलं नाही तुम्हाला."

"मले माहीत हाये," वडील म्हणाले. "तिनं मलेबी सांगतलं होतं. म्याबी ऐकलं नाही."

सिस्टरची पुढे बदली झाली. वडील १९९८ साली गेले.

आता रोज रात्री मी डोळ्यात एकेक थेंब टाकतो. जरा झोंबतो. दर सहा महिन्यांनी यवतमाळला जाऊन त्या वाडग्यासमोर हनुवटी टेकतो. डाग तेवढाच आहे, वाढलेला नाही, असे डॉक्टर म्हणतात. मला स्वतःला तो डाग आजही दिसत नाही, त्यांच्या शब्दावर चालले आहे. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, आणि चाळिशीनंतर त्रास असो नसो, तपासून घ्यावे, हेही त्यांनीच सांगितले.

माझी मुलगी पुण्यात असते. यंदा चाळीस पूर्ण झाली. तिला फोन केला, डोळे तपासून घे म्हणालो.

"अहो बाबा, मला काय झालंय? गाडी चालवते, दिवसभर कॉम्प्युटरवर असते. सगळं स्वच्छ दिसतं मला."

मी काही बोललो नाही. तिकडेही थोडा वेळ शांतता होती. आजोबांच्या मांडीवर बसून तिने त्यांची पोथी ऐकली आहे.

"शनिवारी चालतील का हो डॉक्टर?" तिने विचारले.